कोपर राहिलं

अरे खोडरबर,

तुला पत्र लिहायला बसले होते. पण तुझ्याकडे पत्र आलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. तू ते टेबलाच्या कडेला ठेवतोस, त्यावर चहाचा कप ठेवतोस, आणि कपाचा गोल उमटला की ते वाचल्यात जमा धरतोस. म्हणून पत्राचा नाद सोडला. तुझी गोष्टच सांगते, चारचौघांना. कुणीतरी ती तुझ्या कानावर घालेलच. गोष्टीत तुला 'तो' म्हणणार आणि मला 'ताई'. 'तू तू' करत राहिले तर ओरडायला लागेन, आणि ओरडून आपल्या घरात आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. तुझ्या मनातलं मला कसं कळलं, ते विचारू नकोस. अर्धं तूच सांगितलंस, थोडं तुझ्या मालकांनी सांगितलं, आणि बाकीचं कळायला मी तुझं शेंबडं नाक पुसलंय तेवढं पुरे.

त्याला खोडरबर हे नाव आईनेच ठेवलं. लहानपणी तो चित्रं काढायचा कमी आणि खोडायचा जास्त, कागदाला भोक पडेपर्यंत. पुढे फोटोच्या दुकानात लागला, तर तिथेही पदरात तेच काम पडलं. नवरदेवाच्या कपाळावरची पुटकुळी काढ, मागून डोकावणारा आगंतुक काढ, लग्न मोडलं की मुलाला काढून तिथे फुलदाणी बसव. "आपल्या शहरात," तो म्हणायचा, "बऱ्याच घरांत एक फुलदाणी आहे जी मुळात जावई होती." स्वतः त्याने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "हाताला सवय वाईट. बायको रुसली तर खोडून मोकळा व्हायचो."

असे विनोद तो दुकानात करायचा. घरात त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. घरात मोठी ताई, मधला दादा आणि शेंडेफळ हा. ताई आणि दादा या दोघांच्या जिभांना धार. भांडण पेटलं की खोडरबर पाणी प्यायला उठायचा. पाणी पिऊन परत येईपर्यंत भांडण बहुधा विझलेलं असायचं, आणि त्याला मनातून वाटायचं की ते आपल्या पाणी पिण्यानेच विझलं. ही समजूत त्याने पन्नाशी उलटेपर्यंत जपली.

त्याच्या मालकांनी उतारवयात एक नवीन खूळ घेतलं. असा कॅमेरा आणला की ज्याच्या पोटात माशीच्या डोळ्यासारखी बारीक बारीक भिंगं दाटीवाटीने बसवलेली. बटण एकदाच दाबायचं, पण आत चित्रं ढीगभर उतरतात. प्रत्येक चित्र जरा वेगळ्या जागेवरून पाहिलेलं, एक थोडं डावीकडून, एक थोडं वरून. कंपनीच्या कागदांवर याला 'लाइट फील्ड' म्हणतात. दुकानात सगळे 'खोल फोटो' म्हणायचे आणि आतल्या एकेका चित्राला 'नजर'. मग तो फोटो खास चौकटीच्या पडद्यावर लावला की समोरून चालणाऱ्याला माणूस खरंच तिथे बसल्यासारखा वाटतो. डावीकडे सरकलात तर त्याचा कान दिसतो, उजवीकडे सरकलात तर खुर्चीच्या मागचा पडदा.

साध्या फोटोतून माणूस काढणं खोडरबरच्या डाव्या हातचा मळ होता. खोल फोटोने त्याला पहिल्यापासून शिकायला लावलं. इथे एकाच चित्रातून काढून भागत नाही, सगळ्या नजरांतून काढावा लागतो, नाहीतर पाहणारा जरा हलला की काढलेला माणूस बाजूने डोकावतो. मधली नजर हाताने दुरुस्त करायची, मग कोणती वस्तू किती लांब आहे त्या हिशोबाने यंत्र ते काम कडेपर्यंत पसरवत नेतं. कडेला जाता जाता यंत्राचं डोकं फिरतं. म्हणून मालकांचा एक नियम होता. काम झालं की चित्र भिंतीला लावायचं आणि ज्याने काम केलं त्याने दारापासून खिडकीपर्यंत त्याच्यासमोरून सावकाश चालत जायचं, नजर चित्रावर ठेवून. याला फेरी मारणं म्हणत. फेरी मारल्याशिवाय चित्र दुकानाबाहेर जात नसे. खोडरबरने एकाही कामाची फेरी कधी चुकवली नव्हती, आणि हे तो ताईला दर भेटीत ऐकवायचा.

कॅमेरा नवा असताना त्याने घरच्यांना दुकानात बोलावलं. आईला खुर्चीत बसवलं, एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला खुर्चीच्या जरा मागे ताई, आणि सगळ्यांच्या मागे भिंत, तिच्या एका कडेला दुकानाचा काळा पडदा. त्या सकाळी ताईने त्याला फोन करून बजावलं होतं, "येताना चष्मेवाल्याकडून आईचा चष्मा आण. काडी बसवायला दिलाय. त्याच्याशिवाय तिला हाताची बोटं दिसत नाहीत." तो हो म्हणाला आणि कॅमेऱ्याच्या नादात विसरला. आई चष्म्याविनाच बसली. "कुठे बघू रे?" तिने विचारलं. ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवून जरासा दाबला, "इथे, समोर." आईने मान त्या हाताकडे कलती केली. तेवढ्यात याने बटण दाबलं.

"चष्मा उद्या आणतो," तो म्हणाला.

त्याच रात्री आई आजारी पडली. दवाखाना, धावाधाव, एक शस्त्रक्रिया. दुसरी करता येईल, पण या वयात भरवसा देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दादा औषधं आणायला खाली गेला होता. कॉरिडॉरमधल्या बाकावर ताई आणि खोडरबर दोघंच होते. तोच आधी बोलला, भिंतीकडे बघत. "घरी नेऊ या का ताई? तिला आता माणसंही ओळखू येत नाहीत. निदान खिडकीजवळ पडेल."

ताईच्या मनात तेच होतं. तिने उठून डॉक्टरांना सांगितलं. दादा औषधांची पिशवी घेऊन वर आला तेव्हा सगळं ठरलेलं होतं.

"कुणी ठरवलं हे?" दादाने विचारलं.

खोडरबर पाणी प्यायला उठला.

"मी," ताई म्हणाली.

आई घरी आली आणि खिडकीजवळच गेली. दादाने ताईशी बोलणं टाकलं. नातेवाइकांत तो एकच वाक्य बोलायचा, "हिने माझ्या आईला मरायला घरी आणलं." खोडरबर दोन्ही घरी जायचा. दादाकडे ऐकून घ्यायचा, ताईकडे ऐकून घ्यायचा, आणि दोन्हीकडे मूग गिळून बसायचा. ताई त्याला म्हणाली नाही की तूच आधी बोललास. ती वाट बघत होती, हा आपणहून कधी बोलतोय याची.

वर्ष होत आलं तेव्हा दादा दुकानात आला. आईची आठवण म्हणून माणसं जमवायची होती, आणि तो खोल फोटो दिवाणखान्यात लावायचा होता.

"ती नको त्यात," दादा म्हणाला.

"कोण?"

"कोण म्हणजे काय? फुलदाण्या बसवण्यात जन्म गेला ना तुझा?"

"दादा, तिचा हात आईच्या खांद्यावर आहे."

"म्हणूनच."

तेव्हा बोलायला हवं होतं. दुकानात तिसरं माणूस नव्हतं, मशीन बंद होतं. त्याच्या तोंडात वाक्य तयारही होतं. पण तो म्हणाला, "बघतो," आणि त्याच्या तोंडून बघतो आलं की ते काम झालंच म्हणून समजावं.

ताईच्या मागची भिंत त्याने सहज जमवली. डाव्या नजरांत तिच्या एका बाजूची भिंत दिसत होती, उजव्या नजरांत दुसऱ्या बाजूची. ती गोळा करून जोडली की ताईच्या जागी खरीच भिंत उभी राहिली, तसूभरही खोटी नसलेली. या कामातलं हेच सुख, तो नेहमी म्हणायचा, की माणूस काढला तरी मागचं जग खरं मिळतं. पण हाताखालचा आईचा स्वेटर कुठूनच दिसत नव्हता. हात टेकलेला होता. टेकलेल्या हाताखाली डोकावायला कोणत्याच नजरेला वाव नसतो. तिथे मनाचंच भरावं लागतं. त्याने आईच्या दुसऱ्या खांद्यावरची वीण उचलून इकडे आणली. ती बसेना. इकडची लोकर वर्षानुवर्षं ताईच्या, दादाच्या, त्याच्या स्वतःच्या डोक्यांनी दबलेली होती, तिकडची फुललेली. सबंध दुपार तो लोकर दाबत बसला. शेवटी जमली. जमली म्हणून नेहमीसारखा हात झटकायला गेला आणि त्याने आईचा चेहरा पाहिला. हात गेला होता, पण मान तशीच कललेली होती. आई हवेवर डोकं टेकून बसली होती.

मान सरळ करणं त्याला जमलं असतं. तेवढं मात्र त्याने केलं नाही. तेवढीच लाज त्याच्यापाशी शिल्लक होती.

चित्र न्यायला दादा आला, गाडी बाहेर उभी करून घाई करू लागला. मालक भिंगं आणायला गेले होते. खोडरबरने चित्र तसंच कापडात गुंडाळलं. गाडी उभी आहे, वेळ नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं कारण त्याला ठाऊक होतं. फेरी मारायची तर सगळ्या नजरांसमोरून जावं लागलं असतं, आणि त्या कललेल्या मानेसमोरून दारापासून खिडकीपर्यंत चालण्याची त्याची छाती नव्हती.

ताईला बोलावणं दादाचं नव्हतं, वहिनीचं होतं. "तुम्ही आला नाहीत तर मला घास उतरायचा नाही," असं तिने फोनवर हळूच सांगितलं. ताई आली, मावशीला घेऊन. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, कानाने कमी आणि म्हणून आवाजाने दुप्पट. समोरच्या खुर्च्या शेजाऱ्यांनी आणि दादाच्या ऑफिसातल्या मंडळींनी भरल्या होत्या. दोघींना जागा मिळाली ती दाराशी, चपलांच्या स्टँडजवळच्या स्टुलांवर, खोलीच्या पार डाव्या कोपऱ्यात. ताईला पाहताच खोडरबर पाणी प्यायला आत गेला.

दादाने कापड काढलं. समोरून वाहवा झाली. जिवंत वाटतात हो, कुणीतरी म्हणालं. ताईने समोरच्यांसारखंच पाहायचं ठरवलं होतं. आपण त्यात नसणार हे तिला वहिनीच्या आवाजावरूनच कळलं होतं, आणि तिने मनाची तयारी करून ठेवली होती.

"ताई," मावशी खणखणीत आवाजात म्हणाली, "तुझं कोपर आहे गं तिथे."

"मावशी, हळू."

"हळू काय? दिसतंय ते सांगते. काळ्या बाहीचं कोपर. बाकीची तू कुठे गेलीस?"

"आजी, तिथे काही नाही," मधल्या खुर्चीतले एक गृहस्थ समजुतीने म्हणाले. "भिंत आहे नुसती."

"तुम्हाला नसेल दिसत. इथून बघा. माझ्या बहिणीच्या खांद्यावर बोटंसुद्धा आहेत. नुसतीच बोटं."

गृहस्थ उठून कोपऱ्यात आले. पाहिलं, आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलत नाहीत म्हणून दुसरे उठले. मग तिसरे. काळ्या पडद्यापुढची काळी बाही यंत्राला पडदाच वाटली होती, आणि कडेच्या नजरांत त्याने ती पुढच्या बोटांसकट जशीच्या तशी सोडून दिली होती.

खोडरबर हातात पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला तेव्हा सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि सगळी माणसं चपलांवर पाय देऊन कोपऱ्यात माना वाकड्या करून उभी होती. नेहमीप्रमाणे सगळं निवलेलं असेल म्हणून तो आला होता. एकेक मान त्याच्याकडे वळली. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते त्याला तेव्हा कळलं. जमीन मात्र फरशीची होती आणि ती काही हलली नाही.

"तिला काढायला मी सांगितलं होतं," दादा म्हणाला. दादा खोटं बोलत नाही, हा त्याचा एक गुण. "पण हे असं नाही."

"मग कसं?" ताई म्हणाली. "मला नीट पुसलं असतं तर चाललं असतं?"

ताई खोडरबरकडे वळली. ती ओरडेल अशी त्याची अपेक्षा होती, आणि तिने ओरडावं असं त्याला फार वाटत होतं.

"फेरी मारली नाहीस?" तिने विचारलं.

"नाही."

"का?"

तो पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. ऐकायला अख्खी खोली होती. कॉरिडॉरमधलं ते वाक्य आता निघालं असतं तर ताईच्या अंगावरचा वर्षाचा डाग त्याच खोलीत पुसला गेला असता.

"मी उद्या दुरुस्त करून आणतो," तो म्हणाला.

"दुरुस्त म्हणजे? मी आत की बाहेर?"

तो पाणी प्यायला. सगळ्यांसमोर, घोट घोट, पेला रिकामा होईपर्यंत. वहिनीने पुढे होऊन चित्रावर कापड टाकलं. मावशी भलत्याच कुणाच्या चपला घालून निघाली आणि तिला थांबवायचं कुणाला सुचलं नाही.

मालकांनी दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून घेतलं. "कुणाला पुसलंस ते तुझ्या घरचं," ते म्हणाले. "फेरी मारली नाहीस ते माझ्या दुकानचं. मूळ लाव आणि मार."

मूळ चित्र मशीनमध्ये सुखरूप होतं. ते परत लावायला क्षणही लागला नाही, आणि त्याचंच त्याला वाईट वाटलं. ताई भिंतीतून निघून परत उभी राहिली, कोपरासकट. तो दारापासून निघाला. इथून ताईचा पूर्ण हात दिसत होता, पुढे आईचा गाल तिच्या नखाला टेकलेला, मग दादाचा खांदा. खिडकीजवळ पोचताना त्याचं आईच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं. ते कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते, कुणाकडेच पाहत नव्हते. ते समोर काय आहे ते चाचपत होते.

दवाखान्यात ती अशीच बघायची. कुणी आत आलं की विचारायची, "कोण आहे?" तो म्हणायचा, "मी." ती म्हणायची, "मी म्हणजे कोण?" आणि बाहेर येऊन सगळे एकमेकांना सांगायचे, आईला आता माणसं ओळखू येत नाहीत. डॉक्टरांनाही तसंच सांगितलं गेलं. चष्मा याने आणून दिला असेल आणि नर्सने पिशवीत ठेवला असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. तो कुठे होता हे एकट्या खोडरबरला ठाऊक असायला हवं होतं, आणि त्याला आठवलंही नव्हतं.

तो खिडकीशी बराच वेळ उभा राहिला. मालकांनी चहा मागवला आणि त्याला हाक मारली नाही.

पुढच्या आठवड्यात दादा चित्राचं काय झालं ते विचारायला आला. खोडरबरने त्याला फेरी मारायला लावली. दादा चालू लागला आणि त्याची पाठ वळली तेव्हा हा म्हणाला, "घरी न्यायचं मी म्हणालो होतो. ताईच्या आधी."

दादा थांबला, वळला नाही.

"मग तू तेव्हा बोलला का नाहीस?"

"पाणी प्यायला गेलो होतो."

"वर्षभर?"

दादा चित्र न घेताच गेला. ताईला त्याने फोन केला नाही. वहिनी सांगते, तो फोन हातात घेतो, नंबर काढतो आणि ठेवून देतो. वर्षभर इतकं बोलून झाल्यावर आता काय बोलावं ते त्याला समजत नाही.

खोडरबर मात्र ताईकडे आला. कॉरिडॉरचं सांगू लागला तेव्हा ताई म्हणाली, "ते मला माहीत आहे, मी तिथेच होते की." मग त्याने चष्म्याचं सांगितलं. ते ताईला माहीत नव्हतं. मग तो पाणी प्यायला उठला, अर्ध्या वाटेत थांबला आणि परत येऊन बसला. जन्मात पहिल्यांदा. ताईला तेवढं दिसलं, तिने तसं म्हटलं नाही.

निघताना ती म्हणाली, "चित्र कुणाच्या भिंतीवर लागायचं तिथे लागू दे. तू फक्त जाऊन तो चष्मा आण."

"आणतो," तो म्हणाला.

तर खोडरबर, चष्मेवाल्याचं दुकान तुझ्या वाटेवरच आहे. परवा मी तिथून जाताना त्याला विचारलं. चष्मा आहे म्हणाला, काडी बसवून ठेवलीय, काचा पुसून ठेवल्यात. मी मागितला नाही. तो तुझ्यावर सोपवलेला आहे. माझा भाऊ इथून जातो का, असं मी विचारलं, तर म्हणाला, रोज जातात, पण समोरच्या फुटपाथवरून.